मडक्यावरचा अंगठा

चांगुणाबाई कुणावर विश्वास ठेवत नसे, आणि ते लपवतही नसे. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा चावडीपुढं पेढे वाटले. तिनं पेढा आधी हुंगला, मग खाल्ला.

त्यानंतर दोन हंगाम पावसानं दगा दिला. गावानं बियाण्याची ज्वारीही दळून खाल्ली. चांगुणाबाईनं मात्र एक मडकं राखलं. आत राख आणि कडुलिंबाच्या पाल्यात ज्वारी, तोंड शेणामातीनं लिंपलेलं, आणि लिंपण ओलं असतानाच त्यावर उठवलेला तिचा अंगठा. पुढची पेरणी तेवढ्या मडक्यात होती.

मुलगा बीदरकडं गवंड्याच्या हाताखाली गेलेला. घरात ती आणि सून तारामती. रोजगार हमीच्या खडीवर दोघी पाळीपाळीनं जात. कामावरून आली की हातपाय धुवायच्या आधी चांगुणाबाई तो अंगठा बघायची.

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी येताना तिला वाटेत तारामतीचा भाऊ भेटला. मुखेडची एस.टी. धरायच्या घाईत होता. काखेतली पिशवी फुगलेली. ती घरी येऊन थेट मडक्यापाशी बसली. लिंपण ओलं होतं. तिच्या अंगठ्याला विळ्याच्या जखमेची आडवी रेघ होती. हा अंगठा रुंद होता, बिनरेघेचा.

"मडकं कुणी फोडलं?"

"फोडलं न्हाई आत्या, उघडलं. म्या."

"हाव. भावाची पिशवी भरलीस, आन् आत रेशनची ज्वारी ओतलीस."

"कान लावला की आतून कुरकुर यायची. किडं झालते. निम्म्याचं पीठ झालतं. ते दिलं त्याला, कोंबड्यांला. चांगलं होतं ते दिवसभर उन्हात घातलं, नवी राख घातली."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही उघडू दिलं असतं व्हय?"

चांगुणाबाईनं लिंपणाकडं बोट केलं, "आन् ह्यो अंगठा?"

"चोरानं आपला अंगठा उठवला असता का?"

"शहाणा चोर उठवंल."

रेशनची ज्वारी उगवत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. तिनं मडक्यातले दहा दाणे काढले, टँकरचं आपल्या वाट्याचं प्यायचं पाणी शिंपडून फडक्यात बांधले आणि पुरचुंडी कमरेला खोचली. झोपतानाही सोडली नाही.

चौथ्या दिवशी उंबऱ्यावर बसून तिनं गाठ सोडली. सात दाण्यांना पांढरे मोड आले होते.

"आन् ही तीन?"

"इचारा त्यांलाच."

चांगुणाबाई हसली नाही. तिनं एक दाणा दाताखाली धरला. आत पोकळ होता. रोज ती लिंपण बघत होती, आणि आत दाणा पोखरला जात होता. बराच वेळ ती टरफल जिभेवर घोळवत बसली.

आषाढात ओल झाली. शेजारच्या शिवमूर्तीची तिफण मागून आणली. तिफणीवरच्या चाड्यात मुठीनं बी सोडायचं काम आजवर चांगुणाबाईनं कुणाला दिलं नव्हतं.

"चाड्यावर तू ऱ्हा," ती सुनेला म्हणाली. "दहातली तीन मरणार, मूठ दाट सोडाया पाहिजे. तुझा हात मोठा हाय."

तारामतीनं ओटी बांधली. चांगुणाबाई मागं मागं चालत राहिली. उघडा पडलेला दाणा दिसला की पायानं माती ओढायची, आणि मधूनच पुढं होऊन सुनेच्या ओटीत डोकावायची.