प्लग पाना कुणी मागितला?

आधीच सांगते, मी नर्स आहे. शवागाराच्या शेजारच्या खोलीत बसून डबा खाल्लेला आहे, आणि तोही चवीनं. आमच्या पाड्यात कुणाला काही ‘दिसलं’ की मी त्याला आधी बीपी तपासून घ्यायला लावते. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी जे झालं, त्याचं धड उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही... म्हणून इथे लिहितेय.

खर्डी स्टेशनवरून रिक्षा केली की शेताडीत आमचं घर लागतं. मी शहापूरला एका दवाखान्यात कामाला, मिस्टर हायवेवरच्या एका गोदामात सुपरवायझर. माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, फौजेत ड्रायव्हर होते. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, डोळ्यांत पाणीही येतं, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या ओळखीच्या वस्तू जवळ ठेवा, बोलत राहा.

आता ओळखीची वस्तू म्हणजे माणूस जुना रेडिओ आणेल, फोटो आणेल. आमच्या मिस्टरांनी जीप आणली! टोकावड्याला एका ढाब्यामागे फौजेनं लिलावात काढलेली, डिस्पोजलची जीप वर्षानुवर्षं सडत उभी होती, ती टेम्पोत घालून अंगणात आणून टाकली. बाबा अशाच गाडीवर होते म्हणे. मी डोक्याला हात लावला.

पण बाबांनी जीपकडे पाहून नुसती मान फिरवली. मग मिस्टरांच्या लक्षात आलं. बाबा नेहमी सांगायचे, ड्रायव्हरची गाडी सरकारची, पण टूल किट त्याची स्वतःची अब्रू. एक पक्कड कमी निघाली तरी साहेब सगळ्यांदेखत उभं करायचा. म्हणजे किट हवं, आणि तेही त्या काळचंच. मग सुरू झाला शोध. नवे चकचकीत पाने चालणार नाहीत, मिलिमीटरवाले तर नाहीतच, इंची पाहिजेत. शहापूरच्या भंगारवाल्याकडे दोन पाने मिळाले, किन्हवलीच्या एका सुताराकडे लाकडी मुठीचा पेचकस, कुणाच्या गोठ्यात ग्रीस गन. ‘ह्याच्यावरचा शिक्का बघ’ म्हणत मिस्टर मला गंजका लोखंडाचा तुकडा दाखवायचे आणि मी भाजी चिरता चिरता ‘हो हो, छान’ म्हणायचे. कप्प्याकप्प्यांची कॅनव्हासची गुंडाळी तर मलाच शिवायला लावली. दोन सुया मोडल्या माझ्या.

रोज संध्याकाळी कामावरून आले की मिस्टर पडवीत बाबांच्या खाटेसमोर ताडपत्री पसरायचे, अवजारं ओळीनं मांडायचे आणि मोठ्यानं नाव घ्यायचे. फौजेत इन्स्पेक्शनला असंच असतं म्हणे, साहेबानं नाव घ्यायचं आणि ड्रायव्हरनं ‘है’ म्हणायचं. मिस्टर लहान असताना बाबा त्यांचं दप्तर असंच तपासायचे. ‘पट्टी?’ ‘है.’ ‘पेन्सिल?’ ‘है.’ आता मुलगा साहेब झाला होता. बाबा अवजारांकडे बघत राहायचे, ओठ जरा हलायचे, पण ‘है’ काही यायचं नाही. इंजिनाचा स्पार्क प्लग खोलायचा प्लग पाना तेवढा मिळत नव्हता, त्याची जागा ताडपत्रीवर रिकामी सोडलेली असायची. मिस्टरांनी मनाशी धरलंच होतं की किट पूर्ण झालं की बाबा बोलणार. मला भीती ही होती की पूर्ण झालं आणि बोलले नाहीत, तर हा माणूस खचेल.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. मिस्टरांनीही रजा टाकली होती, पण कशाला ते मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, शेतावर असतील. सकाळी झाडताना किटची गुंडाळी खुंटीला बांधलेली मी स्वतः पाहिली. दुपारी बाबांना भरवलं, खाटेवर टेकून बसवलं आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला बसले.

थोड्या वेळानं पडवीतून मिस्टरांचा आवाज आला. ‘हातोडी?’

आणि उत्तर आलं, ‘है.’

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तो बाबांचा आवाज होता. घोगरा, जड, पण बाबांचाच. ‘पक्कड?’ ‘है.’ ‘पेचकस?’ ‘है.’ मी ओल्या हातांनी तोंड दाबून रडत होते. बाहेर धावावंसं वाटत होतं, पण उठले नाही. बापलेकाचं चाललंय, मध्ये गेले तर तुटेल, असं वाटलं... 

मग आवाज आला, ‘प्लग पाना?’

 मग बाबा सावकाश म्हणाले, ‘पोरगा आणतोय.’

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर मिस्टरांचं नाव. मागे गाड्यांचे हॉर्न, बाजाराचा गलका. म्हणाले, ‘अगं, मुरबाडला आहे. प्लग पाना मिळाला. बाबांना आत्ता काही सांगू नकोस.’

मी पडवीत गेले. बाबा एकटेच होते, तोंड बंद, नजर दारावर. समोर ताडपत्री पसरलेली. अवजारं ओळीनं मांडलेली आणि एक जागा रिकामी. खुंटी बाबांच्या डोक्याच्याही वर आहे, आणि ते आधाराशिवाय कूससुद्धा बदलू शकत नाहीत. मी घाबरले का? नाही, तेव्हा घाबरायचंही सुचलं नाही. नुसती उभी राहिले. कुंपणापलीकडून शेजारच्या हिराआत्यांनी विचारलं, ‘बाबा बोलाय लागलं काय गो? रवी कवा आला? जीव लावून नावं घेत व्हता.’ म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं, आणि त्यांनाही तो रवीचाच, म्हणजे माझ्या मिस्टरांचाच आवाज वाटला होता.

नर्स म्हणून एवढं मला माहीत आहे, की वाचा गेलेला माणूस कधीकधी पाठ असलेलं बोलून जातो. आकडे, प्रार्थना, शिव्या. ‘है’ त्यातच बसेल. पण ‘पोरगा आणतोय’ पाठ नसतं. मिस्टर मुरबाडला गेलेत हे मलाच माहीत नव्हतं, मग बाबांना कुठून कळणार? आणि नावं कोण घेत होतं? इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा आवाज चुकतो का हो?

संध्याकाळी मिस्टर आले. मी सगळं सांगितलं. आधी ते हसले, मग हिराआत्यांकडे जाऊन आले. प्लग पाना पुसून त्या रिकाम्या जागेवर ठेवला आणि नावं घ्यायला बसले.  प्लग पान्यापाशी आले तेव्हा बाबांनी डावा हात पुढे केला, पाना चाचपला आणि परत दाराकडे बघत राहिले. बोलले नाहीत.

त्यानंतर आजतागायत बोललेले नाहीत. मिस्टरांचा नेम मात्र चुकत नाही. डॉक्टरांना विचारलं, विहारातल्या जाणत्या माणसांना विचारलं. कुणी म्हणालं तुम्हाला भास झाला, कुणी म्हणालं मोबाइलवर रेकॉर्डिंग असेल. असू दे. ताडपत्रीचं काय, ते कुणी सांगत नाही.

कधीतरी जेवताना मिस्टर हात थांबवून विचारतात, ‘नक्की काय म्हणाले होते?’ मी सांगते, ‘पोरगा आणतोय.’ म्हणतात, ‘तसंच म्हणून दाखव.’ मी बाबांसारखं सावकाश म्हणून दाखवते. ते ऐकून घेतात, आणि मग दर वेळी एकच विचारतात, ‘म्हणजे मला म्हणाले, की माझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला?’