दुसऱ्या कव्हरातली तबकडी

एक्सरेवाल्या बाईंना लोक हट्टी म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. दवाखान्यात एकतीस वर्षं लोकांची हाडं उजेडासमोर धरून पाहिली. निवृत्त झाल्यावर तीच नजर तबकड्यांकडे वळली. जॅझच्या, त्याही श्रोत्यांसमोर वाजवताना मुद्रित केलेल्या, आणि त्यातही पहिल्या छापाच्या. "नंतरच्या छापात कंपनीवाले खोकले पुसतात, टाळ्या कापतात," बाई म्हणत. "माणसं काढून टाकल्यावर उरतं काय? खुर्च्या!"

पुष्कळदा दोन्ही छापांचं लेबल हुबेहूब सारखं असतं. फरक असतो तो खाचा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेल्या बारीक अंकांत. ते बाई भिंगाशिवाय वाचत. तबकड्या धुण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मऊ ब्रश, गाळलेलं पाणी, आणि मग वाळायला ताटाळ्यात उभ्या. अकरा शौकीन आपला खजिना त्यांच्याकडे बिनघोर सोपवत. काम फुकट, आभार मानले की बाई चिडत.

सलूनवाला या अकरांपैकीच. सहा वर्षांपूर्वी, एका बंद पडलेल्या क्लबच्या अडगळीत, त्याला एक तबकडी सापडली. बाई स्वतः अकरा वर्षं जी शोधत होत्या नेमकी तीच, पहिला छाप. त्याने ती न वाजवता, धुळीसकट बाईंकडे आणली. बाईंनी धुतली, एकदा ऐकली, आणि जिवावर आलं तरी परत केली.

एका शनिवारी दुपारी बाई त्याच्याकडे केस कापून घेत होत्या. त्या दिवशी त्याने ती तबकडी पहिल्यांदाच घरून दुकानात आणून लावली होती. "बाईंनी पास केलेली आहे!" तो गिऱ्हाइकांना ऐकवत होता.

पहिली बाजू संपत आली तसे बाईंनी डोळे मिटले. आता पियानो थांबणार, आणि टाळ्या पडायच्या आत मागे कुठेतरी वेटरच्या हातून पेल्यांचा ट्रे आदळणार. एक बाई खो खो हसणार. मग पियानोवाल्यालाही हसू आवरणार नाही, आणि तो तीच ओळ थट्टेने पुन्हा वाजवणार. हे बाईंनी सलूनवाल्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं. ज्याचं त्याने ऐकावं.

पियानो थांबला. टाळ्या पडल्या. बस्स.

"पुन्हा लाव," बाई म्हणाल्या.

"मान हलवू नका, बाई, कान कापला जाईल."

"जाऊ दे. उपयोग काय त्याचा? पुन्हा लाव."

"बघा, काय शिस्त होती तेव्हाच्या लोकांना!" सलूनवाला कौतुकाने म्हणाला. "शेवटचा सूर विरेपर्यंत कोणी हूं की चूं करत नाही."

बाई अर्धं डोकं तसंच ठेवून उठल्या आणि तडक घरी गेल्या. कपाटाच्या तळाशी त्याच तबकडीचा त्यांचा स्वतःचा नंतरचा छाप होता. त्याला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. कव्हरातून काढून त्यांनी तो खिडकीपाशी तिरपा धरला. अंक वाचले. ते पहिल्या छापाचे होते. सहा वर्षांपूर्वी ती एकदा ऐकताना सुईने खाचांतली आणखी घाण वर काढली म्हणून त्यांनी सलूनवाल्याची तबकडी दुसऱ्यांदा धुतली होती. पाणी कशाला वाया घालवा, म्हणून त्याच पाण्यात आपलीही काढली होती. ताटाळ्यात दोन्ही शेजारी शेजारी. कव्हरात घालताना अदलाबदल. पुढची सहा वर्षंही बाई जी शोधत राहिल्या ती त्यांच्याच कपाटात होती.

"हे काय, अर्धंच डोकं?" धाकटी बहीण आतून आली. सगळं ऐकून म्हणाली, "मग झालं तर! तोही खूश, तूही खूश. कोणाला कळणारे?"

"मला कळलंय."

"तू कोण मोठी लागून गेलीस, ताई?"

"तपासून देणारी मीच ना?"

"बरं, निदान एकदा ऐकून तरी दे."

"ऐकली तर देणार नाही मी," बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

दुकानात जाऊन बाईंनी आपली चूक सांगितली आणि तबकडी पुढे केली; सलूनवाल्याने ती तिथल्या तिथे लावली. ट्रे आदळला तसं तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक दचकलं. "काय फुटलं हो?" सलूनवाल्याला हसू फुटलं, आणि मग त्याचा चेहरा उतरला.

"बाई, माझ्या आणखी चौदा तबकड्या तुमच्याकडूनच धुऊन आल्यात."

"माहीत आहे."

"बसा. असं डोकं घेऊन कुठे हिंडता." उरलेले केस त्याने कापले आणि बाईंचा नंतरचा छाप त्यांच्या हातात ठेवला.

पुढच्या पंधरा दिवसांत बाई अकराही घरी गेल्या. दारातच आधी आपली चूक सांगायची, मग एकेक तबकडी काढून अंक वाचायचे. एक प्राध्यापक म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." बाई म्हणाल्या, "माझीही नव्हती. कपाट उघडा." बाकी सगळं जागच्या जागी निघालं. तरीही चार महिने त्यांच्याकडे धुवायला एकही तबकडी आली नाही. बाईंनी कुणाला बोल लावला नाही.

मग एका सकाळी सलूनवाला एक मळकी तबकडी घेऊन आला आणि स्टूल ओढून ताटाळ्याशेजारी बसला.

"वाळेपर्यंत मी इथेच बसतो, बाई. राग मानू नका."

"राग कसला? सरक जरा, उजेड अडतोय. आणि धुवायच्या आधी अंक तू वाच. मोठ्याने. मी लिहून घेते."

सलूनवाल्याने खिशातून चष्मा काढला.