अबोला धरलेल्या गल्लीतून येळवशीच्या वावरात

डिसेंबरात आमच्या पुण्याच्या संशोधन केंद्रात विचारणा झाली, भूकंपानंतर लातूरकडे नव्यानं वसलेल्या एका गावात आठवडाभर कोण जाईल? मी लगेच हात वर केला. कामाची हौस होतीच, पण खरं कारण वेगळं. त्याच आठवड्यात येळवस होती. वेळ अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात आणि त्या दिवशी नांदेड-लातूरचा माणूस कुठेही असला तरी वावरात जेवायला पोचतो. केंद्राच्या खर्चानं भज्जी खायला मिळत असेल तर मी कशाला मागे राहू?

मी नांदेडची. इतिहासात बी.ए. केलं तेव्हा नातेवाईक हळहळले. पुढे शांतता आणि संघर्ष अभ्यासात एम.ए. केलं तेव्हा त्यांनी हळहळणंही सोडलं, कारण विषयच कुणाला कळला नाही. सोपं करून सांगते. माणसं का भांडतात हे शोधणारे पुष्कळ आहेत. भांडल्यावर तीच माणसं पुन्हा एका गावात कशी नांदतात, हे आम्ही शोधतो. मला हे काम जमतं, आणि जमतं म्हणून त्याचा तोराही आहे.

निघायच्या आधी उदगीरच्या मामांचा फोन आला. मामांचं तिथल्या मोंढ्यात धान्याचं दुकान आहे. त्यांची मुलगी ऋतुजा लातूरला नीटची तयारी करते, हे तिचं रिपीटचं वर्ष. दिवाळीत तिनं घरात जाहीर केलं, मला डॉक्टर व्हायचं नाही, इतिहास शिकायचाय. तेव्हापासून बापलेकीचा अबोला.

"तुझंच बघून बिघडली ती," मामा म्हणाले. "आता तूच समजव. माणसं जुळवायचंच शिकलीस ना?"

"समजवते," मी म्हणाले. कुणाला आणि काय समजवणार, ते मात्र सांगितलं नाही.

पुण्याहून रेल्वेनं नांदेड, एक दिवस आईच्या हातचं जेवण, मग एसटीनं लातूर. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, खासगी गाड्यांच्या नादी लागू नका. खिडकी धरा. लोह्याच्या पुढे रस्ता मोकळा होतो आणि दोन्हीकडे तूर आणि हरभरा. लोह्याच्या स्टँडवरचा चहा गोडमिट्ट असतो, पण थंडीत बरा वाटतो.

लातूरला उतरलं की आधी होर्डिंग दिसतात, शहर नंतर. प्रत्येक होर्डिंगवर पांढऱ्या कोटातली हसरी मुलं आणि खाली मार्क. रिक्षावाल्यानं विचारलं, काय करता? मी म्हणाले, शांतता अभ्यास.

"म्हंजे अभ्यासिका का? एसी हाय का साधी?"

मी हसू दाबत म्हणाले, अभ्यासिका नाही, संघर्षाचाही अभ्यास असतो.

"हाव, रिपीटरवाल्यांचा लईच संघर्ष असतो बगा," तो गंभीरपणे म्हणाला आणि पत्ता न विचारता मला क्लासच्या गल्लीत नेऊन सोडलं.

ऋतुजा मेसच्या दारात उभी होती. मेसची थाळी पोटभर, वरण तिखट, भाकरी मागाल तेवढी. तिनं मात्र अर्धीच भाकरी खाल्ली. "ताई, पप्पांनी तुला पाठवलंय ना?" तिनं थेट विचारलं.

"हो. पण मी त्यांच्या बाजूनं बोलणार नाही."

"माझ्या बाजूनंबी बोलू नको. तू बोललीस की ते म्हणतील, हिनंच पढवलं."

पोरीचं खरं होतं. येळवशीला क्लासला सुट्टी होती, तेव्हा उदगीरला भेटू असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी निलंग्याच्या बाजूला निघाले.

गावाचं नाव सांगत नाही, तसा आमच्या कामाचा नियम आहे. एसटी फाट्यावर सोडते, पुढे जीप भरली की निघते. जुनं गाव दगडमातीचं होतं, ते कोसळलं. नवं गाव रांगेत आखलेलं, सगळी घरं एकसारखी बुटकी. जुन्या गावात गल्ल्या भावकीच्या होत्या. इथं ज्याला जे घर मिळालं तिथं तो राहिला आणि शेजारी अनोळखी निघाला. अशा नव्या शेजाऱ्यांच्या भांडणांचं पुढे काय झालं, हेच मला विचारायचं होतं.

पहिला दिवस वाया गेला. मी 'शांतता' म्हणाले आणि गावानं मला पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत टाकलं. सणावाराआधी ठाण्यात बैठक भरते ना, तीच ही बाई! जो तो सांगायला लागला, "आमच्या गावात काय बी न्हाई मॅडम, हिंदू-मुसलमान समदे भाऊ-भाऊ हाव." एवढी शांतता मी जगात कुठं पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो शब्दच सोडला आणि शमशादबींच्या ओट्यावर नुसती बसले. त्या गादीचं, रजईचं काम करतात. समोरच्या घरात सुलोचनाबाई, चार एकरांच्या मालकीण. तेवढ्यात नळाला पाणी आलं. शमशादबी दावणीच्या शेळीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "अगं शेळे, सांग तिला, पाणी आलंय."

समोरून सुलोचनाबाईंचा आवाज, "शेळे, आयकलं म्हनावं."

मी चकित. मग कळलं, शमशादबींच्या एका शेळीनं कधीकाळी सुलोचनाबाईंची तुळस खाल्ली होती. शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. ती शेळी कधीच मेली, तिची ही नात का पणती. बोलणं अजून शेळीमार्फतच. सुलोचनाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची म्हैस शमशादबींनी सांभाळली, दूध किती निघालं तेही रोज शेळीलाच सांगितलं.

"म्हणजे तुमचं भांडण आहे?" मी सुलोचनाबाईंना विचारलं.

"भांडन कामून आसंल?" त्या चिडल्याच. "अबोला हाय आमचा."

मी खूश झाले. एम.ए.ला मी ह्यावरच लिहिलं होतं. दोन सरकारं एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा तिसऱ्याकरवी निरोप जातात, आणि त्या तिसऱ्यानं स्वतःचं काही घुसडायचं नसतं. इथं ते काम शेळी बिनचूक करत होती.

निलंग्याहून उदगीरला एसटी आहे, पण सीमेकडचा रस्ता हाडं खिळखिळी करतो. शेजारच्या बाया अर्धं कानडीत बोलत होत्या. हाताशी वेळ होता म्हणून किल्ला पाहिला. तुम्हीही पाहा, सकाळी जा. इथं मराठे आणि निजाम लढले, मग तह झाला. लढाई सगळ्यांना माहीत असते. तहाबद्दल विचारणारी त्या दिवशी बहुधा मी एकटीच असेन.

येळवशीला मामांच्या वावरात कडब्याची कोप, म्हणजे छोटंसं खोपटं, उभी होती. आत पाच दगडांना चुना लावून पूजा मांडलेली. भज्जी म्हणजे सगळ्या शेंगा, डाळी, भाज्या चिंचेच्या पाण्यात शिजवलेल्या, सोबत बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली थंडगार आंबील. हे हॉटेलात मिळत नाही. पण भिऊ नका, त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही वावरात हाक मारून जेवू घालतात.

जेवायला मामा एका टोकाला, ऋतुजा दुसऱ्या, मी मधे. मामी वाढत होत्या.

"हिला विचार," मामा मला म्हणाले, "लातूरला दोन वर्षं घातली, त्याचं काय?"

माझ्या जिभेवर अख्खं भाषण तयार होतं. शिष्यवृत्त्या, नोकऱ्या, माझा पगार. ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं आणि मी भाषण भज्जीबरोबर गिळलं. "ऋतुजा, लातूरच्या दोन वर्षांचं काय, विचारताहेत," एवढंच म्हणाले.

"सांग त्यांना, मी कामचुकारपणा केला न्हाई. मला जमलं न्हाई. जमत न्हाई म्हणायची भीती वाटायली होती."

मी शब्दन् शब्द पोचवला. मामा बराच वेळ उंडा कुस्करत बसले. "इतिहास पळवाट म्हणून धरायली का, विचार."

"न्हाई म्हणावं. अकरावीपासून चोरून वाचायलेय."

"चोरून कामून?" हे मामांनी मला सांगायला सांगितलंच नाही. तिच्याकडे बघून म्हणाले. मग एकदम गडबडले, आंबिलीचा तांब्या उचलला आणि तिचा पेला भरला. "घे. उन्हाचं बरं असतं."

ऊन कसलं, थंडी होती. ऋतुजा रडत रडत आंबील प्यायली. माझेही डोळे भरले. निर्णय मात्र त्या दिवशी झाला नाही आणि मी पुण्याला परतले.

अहवाल लिहिला. अबोला हा शब्द मी तसाच ठेवला, पर्यायी शब्द मागणाऱ्या केंद्रातल्या साहेबांशी वाद घालून ठेवला, त्याचा मला आनंद आहे. भज्जीची चव राहिली, उदगीरच्या रस्त्यानं दुखलेली कंबरही बरेच दिवस राहिली. ऋतुजाचं काय झालं हे विचारायचं मी धाडस करत नव्हते.

पाऊस लागल्यावर मामांचा फोन आला. उदगीरच्याच कॉलेजात तिला इतिहासाला घातलं, म्हणाले. मी अभिनंदन करायला लागले, तर त्यांनी थांबवलं.

"आयक तर. काल पोरगी म्हणाली, भूकंप झाला तवा पप्पा तुम्ही कुठं होता? मी म्हणलं, ट्रकात भाकरी घेऊन गेलतो आम्ही पोरं. वाटायला गेलो अन् दगडं उपसत बसलो. मग ती विचारतच राहिली माय, एकेक. सांगितलं मी. समदं सांगितलं."

मग आवाज खाली आणून म्हणाले,

"तुझ्या मामीलाबी कालच कळलं."