वेनोसाठी निवडलेली गोळी

आमच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात काडतुसांचा कोपरा एकतीस वर्षं आयली कारवोनेनने सांभाळला. सुपीरियर सरोवराच्या या काठाला नोव्हेंबर लागला की माणसं तिच्यापुढे रांग लावायची आणि ती आधी झाडाझडती घ्यायची. रायफल कुठली? नेम कसा आहे, खरं सांग. बसतोस कुठे, दाट झाडीत की मोकळ्यावर? एकदा एक ऐटबाज पाहुणा आजोबांची, दांडा ओढून भरायची रायफल घेऊन आला आणि टोकदार गोळ्या मागू लागला.

"या रायफलीत गोळ्या खालच्या नळीत एकामागे एक झोपतात," आयली म्हणाली. "मागचीचं टोक पुढचीच्या बुडावर आपटलं की ती नळीतच उडते, मग डावा हात विसरायचा. चपट्या नाकाच्या घ्या, नाहीतर मासे पकडा."

पाहुण्याने निमूट चपट्या घेतल्या.

मी रूडी, तिचा शेजारी. तिच्या तोंडाला मीही घाबरतो. तिने लग्न केलं नाही. घरात ती आणि थोरला भाऊ वेनो, दोघंच. गेल्या ऑगस्टमध्ये वेनोच्या उजव्या खांद्याच्या हाडात कॅन्सर निघाला. नाताळ बघितला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले. वेनोने एकच मागितलं: पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्या दिवशी, वडिलांच्या रायफलने एक हरीण. पण रायफलचा दणका बसला तर ते हाड मोडणार होतं.

"एकशेसत्तर ग्रेन वजनाची गोळीच दे," वेनो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून म्हणाला. "जन्मभर तीच वापरली."

"तिने हरीण पडेल आणि तूही पडशील. दोघांना ओढून आणायला रूडीची कंबर धड नाही."

"मग काय, खारी मारायची गोळी देतेस?"

आयलीने एक डबी पुढे सरकवली. "एकशेपंचवीस. दारू कमी, दणका निम्मा."

वेनोची थट्टा तिथेच संपली. "आयली, माझ्यामुळे जखमी झालेलं जनावर जंगलात तडफडत राहिलेलं मला नको. तेवढं सांभाळ."

"पन्नास पावलांच्या आत, आडवं उभं असेल तर बरगडीतून जाईल. मी सांगते ना!"

ती असं म्हणाली की गावात कोणी पुढे विचारत नसे. तरी ती एकटी जुन्या खाणीत गेली आणि ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर डझनभर गोळ्या झाडून खात्री करून आली. आता वाटतं, वर्तमानपत्राला हाड नसतं हे तिच्याही लक्षात आलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही वेनोला फळ्यांच्या आडोशात घोंगडीत गुंडाळून बसवलं. शेजारी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. दहाच्या सुमाराला चाळीस पावलांवर एक नर येऊन आडवा उभा राहिला. वेनोने नेम धरला, चाप ओढला आणि त्याच क्षणी हरीण आमच्याकडे वळलं. ते उसळलं आणि देवदारांच्या दलदलीत शिरलं.

"दणका बसलाच नाही गं!" वेनो लहान मुलासारखा हसत होता. "जा, बघा."

बर्फावर रक्ताचे तीन थेंब होते आणि हाडाची एक पांढरी कपची. आयलीने ती उचलली. गोळी पुढच्या खांद्याच्या हाडावर फुटली होती, आरपार गेलीच नव्हती. म्हणून पुढे रक्ताचा मागही नव्हता. तासभर आम्ही दलदल तुडवली. बाकीच्या हरणांच्या ठशांत त्याचे ठसे मिसळले, वरून बर्फ पडू लागला.

"त्याला खरं सांग," मी म्हणालो.

"खरं सांगितलं तर तो उठेल."

तो उठलाच असता. आमच्याकडे जखमी जनावराच्या मागे ज्याने गोळी झाडली त्यानेच अंधार पडेपर्यंत जायचं असतं, रांगावं लागलं तरी. मी बुटाने ते तीन थेंब बर्फात कालवले.

"चुकली," आयलीने त्याला सांगितलं.

"चाळीस पावलांवरून?"

"हो."

ज्याचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापून, नाव लिहून, आमच्या शिकारी कॅम्पच्या खोलीत भिंतीवर ठोकायचं, अशी आमची रीत. सत्तेचाळीस हंगामांत त्या भिंतीवर वेनोचा तुकडा कधी लागला नव्हता. त्या संध्याकाळी तोच पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "काप." आयलीने कात्री चालवली. कॅम्पवरचे सगळे हसले, तोही हसला, मग बराच वेळ नाक पुसत राहिला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

डिसेंबरमध्ये तो अंथरुणातून रोज विचारायचा, "हात तर हलला नव्हता, आयली. मग चुकली कशी?"

"वारा होता."

चाळीस पावलांवर कसला आलाय वारा! आणि आयलीला बंदूक धरायला वेनोनेच शिकवलं होतं. शेवटी एक दिवस तो स्वतःच म्हणाला, "मी नेमबाज राहिलोच नव्हतो. तू मात्र माझं मन राखलंस."

आयलीने त्याचं पांघरूण सारखं केलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी तो गेला, नाताळच्या आधीच.

आयलीने काडतुसांचा कोपरा सोडला. आता ती खिळे आणि रंग विकते. परवा मी तिला म्हटलं, "उगाच मनाला लावून घेतेस. त्याच्यासाठीच खोटं बोललीस ना?"

"त्या दुपारी त्याच्यासाठी," ती म्हणाली. "पण डिसेंबरमध्ये तो कुठे उठून जंगलात जाणार होता, रूडी? तेव्हा सांगता आलं असतं. पण मग मी निवडलेली गोळीच हाडावर फुटली, हेही कबूल करावं लागलं असतं."