खाराची शीग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे.

कमल माझी धाकटी जाऊ. नव्वद सालानंतर लग्न होऊन खानदेशातून आमच्याकडे सुरतेला आली. त्याआधी अकरा वर्षं मी त्या घरात भाकऱ्या थापल्या — सासूबाईंनी कधी 'बरी झालीय' म्हटलं असेल तर शपथ! आणि कमलनं पहिल्याच उन्हाळ्यात उडदाचे पापड केले, तर म्हातारी म्हणते कशी, "तुना हातले काय चव शे वं माय!" जळले मी. अगदी उभी जळले. त्यात ती गुणाची, साधी, मला 'ताई, ताई' करणारी — रागवायलाही जागा नाही.

मग शेजारच्या गुजराती बेननं मुलीच्या लग्नाचे पापड कमलला सांगितले. चांगले झाले तर नात्यातल्या सगळ्या लग्नांचे तिलाच. कमल हरखून गेली, घरबसल्या स्वतःचं काम मिळणार म्हणून. पण तिचं सगळं माप आईच्या पितळी चिपट्यावर. पीठ चिपट्यानं शिगोशीग, काठावर ढीग होईल इतकं भरून, पापडखार मात्र छोट्या वाटीनं, वरून बोट फिरवून सपाट. बेनकडे तर चार बायका मळणार, तराजू लावून. त्यांना किलोत सांगायला हवं. कमलला लिहिता येत नव्हतं. मी आठवी पास.

"ताई, तुमीच लिखी द्या."

चिपटं-वाटी घेऊन मी वाण्याकडे गेले. पीठ तोललं. खार सपाट तोलला — आणि मग, विचारा ना, शीग लावून परत का तोलला? तोलताना मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. कागदावर मी शिगेचं वजन लिहिलं.

चुकून नाही लिहिलं. हेच सांगायचं होतं.

थांबा, अजून आहे. मळताना कमलनं लाटी तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं आणि धावत माझ्याकडे आली. कडू लागतेय म्हणाली. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? बरंचसं पीठ अजून मळायचं होतं. मी म्हटलं, "नवा खार आहे गं, वाळल्यावर उतरतो." तिनं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला मेलीनं!

पापड वाळून लाल पडले. तळले तर साबणासारखे कडू. बेननं डबेच्या डबे परत पाठवले. सासूबाई सगळ्या चाळीसमोर कमलला वाट्टेल ते बोलल्या, आणि मी आत उभी राहून ऐकलं. खोटं कशाला सांगू — त्या दिवशी मला बरं वाटलं.

कमलनं कागदाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "मना हातच बिघडना, ताई." पुन्हा तिनं पापडाला हात लावला नाही. साड्यांचे धागे कापायच्या कामाला लागली. आईचं चिपटं मला देऊन टाकलं.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. सासूबाई गेल्या, चूल एकच आहे. वरणात मीठ घालायची वेळ आली की कमल अजून बरणी माझ्यापुढे सरकवते. "तुमीच टाका ताई, मना हातना भरोसा नही."

मी टाकते.