पूर्वेकडं तोंड केलेल्या प्लेटा

पोलिसातल्या नोकरीतल्या कितीतरी घटना विसरलो, काही मुद्दाम विसरलो. डिंगोऱ्याजवळच्या एका बंद बंगल्यावरची सोलरची चोरी मात्र अजून जशीच्या तशी आठवते. चोरी तशी किरकोळ. छपरावरच्या चार प्लेटा, त्यांचे लोखंडी स्टँड आणि वायर. नावं कोणाचीच घेत नाही, माणसं अजून तिथंच राहतात.

बंगल्याचे मालक पुण्याला असायचे, सणासुदीला यायचे. मागच्या खोलीत त्यांचा रखवालदार राहायचा. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला, साठी ओलांडलेला, एकटा माणूस. तो भातकापणीला गावी गेला होता. परत आला तर छप्पर रिकामं. त्यानं स्वतःच मालकांना फोन केला, आणि मालक आले ते तडक ठाण्यात. फिर्यादीत संशयित म्हणून त्यांनी रखवालदाराचंच नाव घातलं. "किल्ली याच्याकडं, शिडी याच्या ताब्यात. दुसरं कोण नेणार?" खोली रिकामी करायलाही त्यांनी सांगून टाकलं होतं. म्हाताऱ्याची नोकरी, निवारा आणि नाव, तिन्ही एकदम जाणार होती.

पहिल्या जबाबात तो घडाघडा बोलला. गावी कधी गेलो, कुणाच्या जीपनं गेलो, सगळं. आम्ही पडताळलं, खरं निघालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं, तर समोर वेगळाच माणूस. मान खाली, टोपी हातात.

"बाबा, कुणावर संशय?"

"न्हाई साहेब."

"काही कानावर आलं?"

गप्प. मी आवाज चढवला, तेव्हा एवढंच म्हणाला, "म्या न्हाई नेल्या. म्होरलं इचारू नका. आत टाकायचं तर टाका."

आमच्या खात्यात गप्प बसणाऱ्याला निम्मा गुन्हेगार समजतात. बीट हवालदार म्हणाला, "साहेब, पाणी मुरतंय." मुरत होतं खरं, पण कुठं ते कळेना. आठवड्यापूर्वी बोलका असलेला माणूस एकाएकी मुका होतो, तेव्हा मधल्या दिवसांत त्याला काहीतरी समजलेलं असतं. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि मालकांची बोलणी खात बसलो.

अशात एक शेतकरी शेजाऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन आला. हा शेजारी म्हणजे त्या भागातला जुना जनरेटरवाला. एकेकाळी लग्न असो की जत्रा, याच्या डिझेल जनरेटरशिवाय दिवा लागायचा नाही. घरोघरी इन्व्हर्टर आणि सोलर आले आणि त्याला कुणी विचारेनासं झालं. त्याचं घर डोंगराच्या कडेला, वस्तीपासून तुटलेलं. तिथवर विजेचे खांब पोचलेच नव्हते. त्यामुळं घरातली वीजही त्याच जनरेटरची.

"लई तरास हाय साहेब," शेतकरी सांगू लागला. "आधी दिसभर धडधडायचं, आमी सोसलं. आता सकाळी गपगार असतंय. वाटतं, सुटलो बाबा. अन् दुपारी भाकर खाऊन जरा अंग टाकावं, की झालं सुरू!"

हवालदाराला हसू आवरेना. मी मात्र त्या 'सकाळी गपगार'पाशी अडलो. या घरात सकाळी वीज येते कुठून, आणि दुपारी जाते कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच जनरेटरवाल्याकडं गेलो. गोठ्याच्या पत्र्यावर चार प्लेटा उभ्या होत्या, चारही पूर्वेकडं तोंड करून. मला आमच्या आईची आठवण झाली. माझ्या घरी सोलर बसवताना ती कारागिराशी कडाकडा भांडली होती. "दक्षिणेला तोंड? यमाची दिशा ती! देवासारखं पूर्वेला बसव." आपल्याकडं सूर्य दक्षिणेकडून कलत जातो, म्हणून कंपनीचा माणूस प्लेटा दक्षिणेकडंच करतो. हे भांडण घरोघरी होतं आणि विजेच्या बिलाकडं बघून घरोघरी म्हातारी माणसं हार मानतात. पण स्वतःच्या हातानं बसवणारा पूर्वेलाच बसवणार. सकाळी भरपूर वीज, दुपारी ऊन पाठीमागं गेलं की जनरेटर. या प्लेटा कुठल्याही दुकानदारानं बसवलेल्या नव्हत्या.

जनरेटरवाल्यानं आम्हाला बघितलं आणि तो पायरीवर खाली बसला. घरातून कसल्यातरी यंत्राची घरघर येत होती. आत खाटेवर त्याची बायको, नाकाला नळी लावलेली. ऑक्सिजनचं मशीन होतं ते.

"डाक्टर म्हनलं मशीन बंद ठेवायचं न्हाई," तो म्हणाला. "मशीनला जनरेटर लावावा, तर त्याच्या धुरानं तिचा दम आणिक वाढायचा. मंग काय करू? बंगल्याचं मालक सणासुदीलाच येत्यात, रखवालदार बी गावी गेलता. शिडी लावली अन् काढल्या. निदान दुपारपत्तोर तरी धूर न्हाई."

काढल्या त्या दिवसाढवळ्या. येणाऱ्याजाणाऱ्यांनी रामरामसुद्धा केला होता. हातात पाना असलेला माणूस छपरावर दिसला, तर दुरुस्ती चाललीय असंच गाव समजतं. इन्व्हर्टर आणि फार वेळ न टिकणाऱ्या जुन्या बॅटऱ्या त्याच्या धंद्यातल्याच होत्या.

"तुझ्यापायी त्या रखवालदाराला ठाण्याच्या चकरा पडतायत, ठाऊक आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "त्यो? आवं, त्यानं तर बगितल्यात प्लेटा! हिला बगाया आलता, कापनीचं नवं तांदूळ घिऊन. पत्र्याकडं बगितलं, पर कायबी बोलला न्हाई. म्या समजलो, त्याला उमगलं नसंल."

त्याला उमगलं होतं आणि आता मलाही उमगलं. म्हातारा ज्या दिवशी मुका झाला, त्याच्या आधीचीच ही भेट.

कायद्याला जे करायचं ते मी केलं. आधी बाईंना ठाण्याच्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं, मग पंचनामा, मुद्देमाल जप्त, आरोपीला अटक. गुन्हा उघडकीला आला म्हणून वरिष्ठांनी शाबासकी दिली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

प्लेटा ओळखायला मालक आले. सगळं ऐकून त्यांनी रखवालदारापुढं हात जोडले. मनानं वाईट नव्हते ते. "बाबा, माझं चुकलं. खोली तुमचीच. काय पाहिजे ते मागा."

मला वाटलं, म्हातारा पगार वाढवून मागेल, निदान चार लोकांत माफी मागायला लावेल. तो म्हणाला, "मला काय नगं. तिला दवाखान्यातनं सोडणार हायेत. घरी गेली की पुन्ना त्योच धूर. माज्या खोलीत लाईट हाय, प्लग हाय. तिला तितं ऱ्हाऊ द्या. मी पडवीत झोपंन."

ज्यानं आपल्या छपरावरच्या प्लेटा नेल्या, त्याच्याच बायकोला आपल्या घरची वीज द्यायची! मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी स्टेशन डायरी चाळू लागलो, कारण अशा वेळी वर्दीनं बोलू नये. मग मालक म्हणाले, "राहू दे. बिल मी भरीन."

मौन तोडणं हा आमच्या धंद्याचाच भाग. पण माणूस स्वतःला वाचवायला गप्प बसलाय की दुसऱ्याला, हे आधी ओळखावं, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. त्याचं गप्प बसणं कायद्यात बसणारं नव्हतं. तरीही त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

तो निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. "बाबा, समजा मी खरंच तुम्हाला आत टाकलं असतं तर?"

टोपी डोक्यावर नीट करत तो म्हणाला, "मंग बसलो असतो की. मला आत बी दम घेता आला असता, साहेब. तिला न्हाई."