स्वयंपाकघरातला कॅमेरा

मी समाजशास्त्र शिकवते. आधुनिकता आली आणि काम घराबाहेर गेलं, बाहेर ते सार्वजनिक, आत ते खासगी, हे मी वर्गात इतकं सांगितलंय की झोपेतही सांगेन. विश्वास मात्र कधी बसला नाही. हे सिद्धांत लिहिणाऱ्या बाप्यांना चहा कोण आणून देत होतं, आणि तिच्यासाठी घर कुठल्या अंगाने खासगी होतं, हे त्यात येतच नाही.

तरी आमच्या धरमपेठेतल्या घरात कॅमेरे बसले तेव्हा मी गप्प राहिले. चोऱ्या वाढल्यात, असं नवऱ्याचं म्हणणं. एक फाटकावर, एक स्वयंपाकघरात, मागच्या दारासाठी. "आपलं घर मॉडर्न झालं," मामाजी, म्हणजे माझे सासरे, खूश होऊन म्हणाले. दार डावीकडे आणि कॅमेऱ्याचं तोंड ओट्याकडे, हे मला तेव्हाच खटकलं.

मग एका सकाळी नवऱ्याचा सावनेरच्या ऑफिसातून फोन आला. "गॅस कमी कर वं, दूध उतू जाऊन राहिलं."

दूध वाचलं. मग मी वर कॅमेऱ्याकडे बघितलं; ऑफिसात बसून तो मोबाइलवर मला बघत होता. पिठाच्या डब्याला टेकून फरशीवर बसायचं, एवढीच त्या घरात माझी जागा होती. तिथे मी पेपर तपासायचे, बहिणीशी बोलायचे, कधी नुसती रडायचे. आता बसलं की आधी हात ओढणीकडे जायचा. "आज बहिणीचा फोन लांबला," तो जेवताना सहज म्हणायचा. त्या सहजपणाचाच मला जास्त संशय यायचा.

कॅमेरा काढ म्हटलं, तर म्हणाला, "काहून? लपवण्यासारखं काय आहे?"

सुट्टीच्या दिवशी मी स्टुलावर चढले. काढला नाही, फक्त फिरवला. आतल्या उघड्या दारातून आता त्यात समोरच्या खोलीतला दिवाण दिसत होता, कूलरसमोर उघड्या अंगाने पसरलेल्या मामाजींसकट. दुपारीच पुण्याहून नणंदेचा त्यांना फोन आला, "बाबा, बनियन तरी घाला." म्हणजे तीही बघत होती.

संध्याकाळी नवरा स्क्रूड्रायव्हर घेऊन शिडीवर.

"बाबाले नाही आवडत," तो म्हणाला. "माणसाले आपल्या घरात मोकळं बसता आलं पाहिजे."

"मले नव्हतं बसता येत, तेव्हा?"

त्याने काढलेले स्क्रू माझ्या हातात दिले आणि चहा टाकला का, विचारलं.